ग्राहकाचे म्हणणे

सोमवार, ५ तारीख

आज तिसरा हेलपाटा! शोरूमवाल्यांनी वॉरंटीत इंजिन उघडून पुन्हा जोडून दिलं, तेव्हापासून गाडी खडखडते. तिकडे नेली की मात्र चिडीचूप. डॉक्टर दिसला की दुखणं पळतं, तशी! मिस्त्री म्हणाला, "आजी, गाडी एकदम ओके." म्हटलं, बाबा, मी चौथीत शाळा सोडली, कान नाही सोडले. हसला मेला.

वॉरंटी वीस तारखेला संपते. मुलगा फोनवर म्हणाला, "गाडी नीट झाल्याशिवाय इकडे यायचं नाही हं, आई." बरोबरच आहे. दोन तासांचा हायवे. पण नात दोन महिन्यांची झाली की! मी अजून फोटोतच बघतेय. नाक अगदी ह्यांचं — बिचारी! तिचं ते नवीन फॅशनचं नाव माझ्या जिभेला वळत नाही. मी आपली ठकी म्हणते.

बुधवार, ७

आज कुणाशीच बोलणं झालं नाही. दुधाच्या पिशवीशी बोलले, ते धरायचं का?

शुक्रवार, ९

शोरूमात बरं वाटतं बाई. मऊ खुर्ची, गार हवा. चष्मेवाली पोरगी कागद भरते. "बोला आजी, काय म्हणणं आहे?" कागदावर तसा रकानाच आहे — ग्राहकाचे म्हणणे! माझं म्हणणं कुणी विचारून किती वर्षं झाली. मग काय, सुटलेच मी! सकाळी पहिल्यांदा सुरू केली की खडखडते, मग थांबते... ह्यांनी मला पन्नाशीत गाडी शिकवली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी फाटक पाडलं... पोरगी लिहीत होती. वाटलं, सगळं लिहितेय.

सोमवार, १२

काल घरी आणलेला तो कागद, पोरीचं गिचमिड अक्षर लावत लावत वाचला. एवढं बोलले, त्याचं लिहिलंय काय, तर "ग्राहकाला आवाज येतात." आवाज येतात! म्हणजे मी भ्रमिष्ट! तरीच मिस्त्री इतका गोड बोलतो.

आणि 'सकाळी' कुठाय? माझे गुडघे सकाळी धरतात, चार पावलं टाकली की मोकळे. गाडीचंही तेच! मी नेते दुपारी, अर्धा तास चालवून, गरम करून. मग ती कशाला तोंड उघडतेय!

आज गेले. पोरीचं पेन घेतलं, रकान्यात स्वतः लिहिलं — सकाळी. 'स' जरा वाकडा आला. म्हटलं, गाडी इथंच ठेवते. उद्या थंडगार असताना किल्ली फिरवा, मी येतेच.

मंगळवार, १३

मिस्त्रीने किल्ली फिरवली — खडखडखड! मी टाळ्याच पिटल्या! त्याचं तोंड एवढंसं झालं. "आजी, इंजिनातली चेन आमच्याकडूनच सैल राहिली. चुकलं आमचं." इंजिनात चेन असते, हे मला आज कळलं. म्हटलं, तोंडी नको, कागदावर घाला. चष्मेवालीने जुनं खोडून लिहिलं — "सकाळी आवाज येतो. खरा आहे."

शुक्रवार, १६

गाडी काल आली. आज सकाळी उठल्या उठल्या सुरू केली. मांजरीसारखी नुसती गुरगुरते! ठकीची विणलेली दोन टोपडी पिशवीत भरली. पिशवी पुढच्या सीटवर ठेवूनही आले.

शनिवार, १७

मुलाला फोन केला. मी काही बोलायच्या आत तोच — "झाली का गाडी?" मागून सूनबाईचा आवाज, हळू — "आत्ता नको म्हणावं."

म्हटलं, नाही रे, येतो अजून आवाज.