कृष्णनाथ काका जिवंत असल्याबाबत

तीर्थरूप सौ. मालती आतेस,

पेडण्याहून गौरेशचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आणि सगळे म्हणताना त्यात कृष्णनाथ काकासुद्धा धरलेला आहे. हे वाक्य घाईत वाचलं असशील तर पुन्हा वाच. तुझा भाऊ जिवंत आहे. आता या घडीला तो सोप्यावर बसून उंडो पाव चहात बुडवून खातोय. तुझा ताप उतरला असेल अशी आशा आहे. नारायण आतोबांचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की मी फोन केला तेव्हा "मेलेल्या माणसाच्या घरचा फोन आम्ही घेत नाही" असं ओरडून त्यांनी जो फोन बंद केला, त्याचा मला राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, वर फोनला हळद-कुंकू लावून ओहळात सोडला असता. फोन तुम्ही उघडत नाही म्हणून हे पत्र. आयुष्यात मी लिहिलेलं हे पहिलं पत्र आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घे. कुडाळच्या बशीच्या कंडक्टरकडे देतोय.

आते, मला जो धक्का बसलाय तो अजून उतरलेला नाही. तुला वाटत असेल, धक्का तर मला बसला, हा कोण सांगणारा! तुला एकच धक्का बसला, मला ओळीने बसले, आणि पहिला तर पुस्तकाचा बसला. तुला ठाऊक आहे, माझा बारावीचा एकच विषय अडकून राहिलाय, माध्यमांचा. (हा विषय मी सोपा म्हणून घेतला होता. टीव्ही बघायचा विषय म्हणजे नापास कोण होणार, असं तेव्हा वाटलं. मी झालो.) मध्ये मी हरमलला स्कूटर भाड्याने द्यायच्या धंद्यात होतो, मग मोरजीला कासवांच्या अंड्यांवर राखण करायला होतो. कासवीण अंडी घालताना रडते म्हणतात, ते खरं आहे, मी बघितलंय, डोळ्यांतून पाणी गळतं. तिथला साहेब म्हणाला की ते दुःखाचं नाही, मिठाचं असतं. पण ते राहू दे, ते मी दुसऱ्या पत्रात लिहीन. सांगायचं हे, की ह्या खेपेला नापास झालो तर पुन्हा बसायला देणार नाहीत, आणि मोपाच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर काम मिळायची बोलणी काकाने लावून ठेवलीत तिथे बारावी पास लागतो. मला ते काम पाहिजे, आते. रोज विमानं बघायला मिळतील आणि एका जागी राहूनही गेल्यासारखं वाटेल. म्हणून ह्या वेळी मी खरोखर अभ्यास केला.

आणि अभ्यासाला धडा कुठला? टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका! मी संजना टीचरना दोनदा विचारलं, की हे खरंच परीक्षेला आहे ना, उद्या कोणी माझ्यावर केस करणार नाही ना. पुस्तकात सरळ लिहिलंय, की पहिल्या दृश्यात प्रेत दाखवावं, म्हणजे प्रेक्षक उठून जात नाही. प्रेत कुठे ठेवावं, उजेड कुठून यावा, संशय आधी चुकीच्या माणसावर कसा न्यावा, सगळं शिकवलंय. आमच्या वेळी (म्हणजे मी पहिल्यांदा नापास झालो तेव्हा) बातमीपत्र कसं लिहावं असले सभ्य धडे होते. मी महिनाभर दिवसा नि संध्याकाळी खून बघितले. पद्मावती काकी येता-जाता विचारायची, "होच काय रे तुझो अभ्यास?" मी म्हणायचो, होय. ती म्हणायची, मग शेजारचो सगळो वाडो पदवीधर आसा. त्या महिन्यात माझी नजरच बिघडली. प्रत्येक मालिकेत जो माणूस पहिल्यांदा चहा आणून देतो तोच शेवटी खुनी निघतो, म्हणून मी काकीच्या हातचा चहा घेणं सोडलं. तिला वाटलं मी व्रत धरलंय, आणि तिने सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

आता प्रात्यक्षिक. लेखी पेपर वेगळा आणि मालिकेचं सुरुवातीचं दृश्य स्वतः चित्रित करून द्यायचं ते वेगळं, आणि दोन्हींत पास व्हावं लागतं. माझ्या मित्राकडे, साईशकडे, चांगला मोबाइल आहे (तो लग्नांचे व्हिडिओ काढतो, म्हणून त्याच्या कॅमेऱ्याला सगळीकडे नवरीच शोधायची सवय). प्रश्न प्रेताचा. काकाला विचारलं. तुला आठवत असेल, गावच्या नाटकात काकाला जन्मभर पहारेकऱ्याचं काम मिळालं, भाला धरून उभं राहायचं आणि "महाराज येत आहेत" म्हणायचं. मी म्हटलं, काका, मेलेल्या सावकाराचं काम आहे, अख्खी मालिका तुझ्याविषयी आहे, सगळे जण शेवटपर्यंत तुझंच नाव घेणार. आते, तो माणूस उजळला! दाढी करून, आंघोळ करून, नवा सदरा घालून मरायला आला.

काकी फुलं आणायला बाजारात गेली होती. आम्ही तुळशीपुढे आंगणात उजेड चांगला म्हणून तिथे काकाला आडवा केला आणि तू चतुर्थीला दिलेली पांढरी चादर त्याच्यावर घातली. साईशने सोप्यावरून बघितलं आणि म्हणाला, मागे कपड्यांची दोरी दिसते, काकाला फिरव. फिरवला. डोकं कुठल्या दिशेला गेलं हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आते, दक्षिणेला गेलं, आपल्याकडे मढ्याचं ठेवतात तसं. तुळशीपुढे, दक्षिणेला डोकं, पांढरी चादर, नि उशाला समई (समई साईशने ठेवली, लग्नाच्या सवयीने). काकाला सांगितलं होतं, 'कट' म्हणेपर्यंत हलायचं नाही. आणि नेमका त्याच वेळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत कुंपणाशी आला. आला, बघितलं, भोंगा अर्ध्यावर थांबवला, टोपी काढली आणि सायकल वळवून सुसाट देवळाकडे गेला. मला वाटलं, पाव संपले असतील.

ते फुलं आणायचं कारण माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी देवाची पालखी होती! वाड्यावर कोणी मेलं आणि मढं उचललेलं नसलं तर पालखी देवळाबाहेर पडत नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पोदेर तिथे पोचला आणि ढोल थांबला. आमच्या कानांना ढोल थांबल्याचा आवाज आला नाही, थांबलेल्या गोष्टीचा येत नाही म्हणून. बघता बघता आंगणात माणसं जमली. मला वाटलं, गर्दी साईशने बोलावली, काय मित्र आहे! साईशला वाटलं, मी बोलावली. आम्ही दोघं एकमेकांना आंगठा दाखवत राहिलो आणि तो चित्रण करत राहिला. खरी माणसं, खरे गंभीर चेहरे, फुकट!

त्यानंतर मी जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो. देवस्थानचा अध्यक्ष गोकुळदास (काकाबरोबर शाळेत होता, एका बाकावर) पुढे झाला, चादरीकडे बघितलं आणि म्हणाला, "आजच मराक गावला ह्याका? काल धरून मी पताका बांधतंय." दुसरा म्हणाला, लाकडं माझ्याकडे सुकी आहेत, पण झटपट उचला. तिसऱ्याने विचारलं, बॅण्डवाले संध्याकाळपर्यंत थांबतील काय. एकाने काकाकडून आणलेली शिडी आता परत करायची काय, हे हळूच विचारलं. आते, एवढी माणसं, आणि एकाच्याही डोळ्यात पाणी नाही! चादरीखाली काका सगळं ऐकत होता. मी जवळ असल्याने मला दिसत होतं, चादर नाकापाशी आधी हलत होती ती आता हलायची बंद झाली. मला क्षणभर वाटलं, हा खरंच गेला.

मग काकी आली. बाजारात तिला कोणीतरी सांगितलं की तुझा घोव गेला, तशी भाड्याच्या मोटारसायकलवर पायलटच्या मागे बसून, फुलांची पिशवी छातीशी धरून आली. गर्दीने वाट दिली. सगळे श्वास धरून उभे, आता ही हंबरडा फोडणार. काकीने तुळशीकडे बघितलं, समईकडे बघितलं, चादरीकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "कोणी काढल्यान ही चादर? ही पावण्यांची!" आणि खसकन ओढली. (नंतर ती म्हणाली की चादरीखाली आंगठा हलताना तिला कुंपणापासूनच दिसला होता. मला हे पटलेलं नाही, कारण पिशवीतली फुलं सगळी चुरगळून गेली होती.) काका उठून बसला, आणि पहिलं वाक्य गोकुळदासाला म्हणाला, "गोकुळदासा, आयकलंय हां मी सगळा."

माणसं कुठे कुठे गेली ते विचारू नकोस. एक जण तुळशीवर चढला. शिडीवाला तर अजून दिसलेला नाही. पण मला खरा धक्का बसला तो ती माणसं परत आल्यावर. मला वाटलं, काकाला मिठी मारतील. छे! सगळे काकावर चिडले, हा जिवंत का म्हणून! गोकुळदास म्हणाला, देवाच्या कानावर मयत गेलं, ढोल थांबला, आता नुसतं उठून बसल्याने सुतक जातं काय? अर्धे म्हणाले, माणूस मेला नाही तर सुतक कसलं. अर्धे म्हणाले, सुतक बातमीला लागतं. शेवटी सगळे देवळात गेले, भटजींनी देवाला फुलांच्या पाकळ्या लावून कौल मागितला. उजवी पाकळी पडली. अर्थ असा लावला, की पालखी निघू दे, पण काकाने पुन्हा आंघोळ करून, नारळ ठेवून, पालखीच्या पुढे दिवटी धरून चालायचं, म्हणजे तो जिवंत असल्याचं गावभर दिसेल.

दिसलं! ज्या घरांत मयताची बातमी पोचली होती आणि खुलासा पोचला नव्हता, तिथे बायका आरतीचं ताट घेऊन दारात आल्या, आणि देवाच्या पुढे दिवटी घेऊन मेलेला कृष्णनाथ. किती ताटं खाली पडली ते मी मोजलं नाही. एका घरात दार लावून घेतलं ते पालखी दुसऱ्या वाड्यावर गेली तरी उघडलं नाही. त्यातच बातमी तुमच्यापर्यंत पोचून तुझा फोन आला. काकीचा मोबाइल काकाच्या खिशात होता. त्याने एका हातात दिवटी धरून फोन कानाला लावला, पलीकडे तू रडतेस ते जरा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "मालती, मी कृष्णनाथ." पुढचं तुला ठाऊक आहे.

तेव्हापासून काका जेवतो, खातो, पण कामापुरतंच बोलतो. काल जेवताना त्याने काकीला एवढंच विचारलं, मी खरोखर गेलो असतो तर तू रडली असतीस काय? काकी म्हणाली, चादर धुवून वाळत घातल्यावर. तो ताटावरून उठला नाही, पण आमटी पुन्हा मागितली नाही. आमटी तिसळ्यांची होती, त्याच्या आवडत्या शिंपल्यांची, यावरून काय ते समज.

तर आते, मनातली भीती काढून टाक, ताप गेला की फोन उघड, आणि तुम्ही उगाच आंघोळी केल्यात त्याबद्दल माफ कर. बाकी काही मागणं नाही. आतोबांना नमस्कार, गुडघ्याला तेल लावायला सांग.

तुझा भाचा,
गौरेश

ता. क. एक राहिलं. आमचं दृश्य संजना टीचरनी बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवलं होतं, त्यांनी नापास केलंय. शेरा असा: "मयत पटत नाही. जमलेल्यांपैकी कोणीच रडत नाही, त्यामुळे माणूस मेला असे वाटत नाही." आते, अख्खा गाव फसला, देवाचा ढोल थांबला, आणि ह्यांना पटत नाही! मी टीचरना म्हटलं, सावकाराला नातेवाईक नाहीत असं कथेत आहे. त्या म्हणाल्या, मग शेजारीण तरी रडव. सोमवारपर्यंत पुन्हा चित्रित करून दिलं तर घेतील. नाहीतर मोपा संपलं.

ता. क. दुसरा. काकाला विचारलं, पुन्हा मरशील काय. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सलग बोलला. म्हणाला, मरेन, पण ह्या खेपेला कोणीतरी खरोखर रडणारं पाहिजे, आणि अशी एकच आहे, ती मी फोनवर आयकलंय. तेव्हा रविवारच्या पहिल्या बशीने ये. डोकं उत्तरेला ठेवू, गोकुळदासाला आधी सांगून ठेवलंय, आणि चादर काकी देत नाही म्हणून एक घेऊन ये. पांढरीच.

ता. क. तिसरा. कथेत तू शेजारीण आहेस, तेव्हा रडताना "दादा" म्हणू नकोस, "सावकार" म्हण. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं तर काका म्हणतो, "दादाच म्हणूं दे तिका. तुझो साईश आवाज काढून टाकीत."