दस्त्यावरचं चामडं

लॉरेल ब्रँच, केंटकी
२ सप्टेंबर १९८४

चि. डेल्मर यास व्हर्लीवहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या सकाळी मी चूल पेटवली, बिस्किटं भाजायला घातली, कोंबड्यांना मका टाकून आले, तर तुझा भाऊ पायरीवर बसून रायफलच्या दस्त्यावर चामड्याचा जाड तुकडा चिकटवत होता. काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, लाकूड गालाला गार लागतं. मी म्हटलं, गाल म्हातारा झाला तुझा. मग मी घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवायला बसले. गेल्या शरदातली ही गोष्ट. त्यात काही विशेष नाही, पण ओर्बिन गेल्यापासून असल्या सकाळीच जास्त आठवतात.

लिहिण्याचं कारण पेनी. खारींच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि ती रोज उजाडताच हिकरीच्या झाडाखाली जाऊन भुंकते. वर खार असते, हिची चूक नसते. मग ती मागे वळून घराकडे बघते. मालक येणार, गोळी उडणार, खार पडणार, एवढंच तिला ठाऊक. एप्रिलात ट्रॅक्टर उलटला हे तिला कोण सांगणार?

शेवटी मीच रायफल उचलली. नेम बरा धरते मी, बापाने शिकवलं होतं. पण गोळ्या वाटेल तिकडे जातात. परवा एका खारीच्या मागच्या पायाला लागली आणि ती तशीच ढोलीत शिरली. त्या दिवशी मला घास गिळवला नाही. नवी रायफल घेण्याची ऐपत नाही आणि इच्छाही नाही. तुला लहानपणापासून खुडबुड करायची सवय. हिच्यात कमी खर्चात काय सुधारता येईल ते लिही. वांडाला आशीर्वाद. आमची आठवण अशीच ठेव.

तुझी वहिनी
व्हर्ली

हॅमिल्टन, ओहायो
९ सप्टेंबर १९८४

ती. व्हर्लीवहिनीस डेल्मरचा सा. न.

पत्र वाचून आधी हसलो, मग हसू आवरलं. वहिनी, चाप ओढताना दोन्ही डोळे तर मिटत नाही ना तुम्ही? मिटत नसाल तर पुढचं वाचा.

दस्त्याखालचे स्क्रू आधी घट्ट करा, पण सारखेच घट्ट. एक आवळून दुसरा ढिला ठेवू नका. नळी मागच्या बाजूने पुसा. तोंडाकडून गज घालू नका, तोंडाची कड झिजली की गोळी भरकटते. मग हेच पत्र घ्या आणि नळी व लाकूड यांच्या फटीतून पुढून मागे सरकवा. जिथे अडेल तिथे लाकूड नळीला दाबतंय. तेवढंच सँडपेपरने घासा. शेवटी तीन जातींची काडतुसं एकेक डबी आणा, पिठाच्या पिशवीत वाळू भरून तिच्यावर रायफल टेकवा आणि कागदावर मारून बघा. प्रत्येक रायफलीला आपापलं काडतूस आवडतं. महाग असेल तेच आवडेल असं नाही. आमच्या वांडासारखी नसते ती. (हे तिला वाचून दाखवलं. रात्री जेवायला कालचं उरलेलंच मिळालं.)

आता कडू बोलतो. खार पडत नाही असं वारंवार झालं की खारीवरची कुत्री मन काढून घेते, मग ती पुन्हा खारीमागे लागत नाही. कारखान्यातला माझा सोबती व्हर्जिल दर शनिवारी रानात जातो. तो पेनीला आनंदाने नेईल आणि जिवापाड सांभाळेल. विचार करा. रागावलात तरी पत्र लिहा.

तुमचा
डेल्मर

लॉरेल ब्रँच
२० सप्टेंबर १९८४

चि. डेल्मर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नळीखाली बोटभर आत जाऊन अडकलं, एक कोपरा फाटला. तिथे घासलं. आता पत्र लोण्यातून जावं तसं जातं. पुढचा स्क्रू तर हाताने फिरत होता. तुझ्या भावासारख्या माणसाने तो तसा कसा राहू दिला, कळत नाही. काडतुसांत दुकानदाराने धूळ झटकून दिलेली कमी वेगाची हिला आवडली. आता पाचही भोकं एका अंड्याखाली झाकली जातील. बघून मी एकटीच हसले.

पण ती पाच भोकं मी नेम धरते तिथून चार बोटं वर पडतात. वाट्टेल ते केलं तरी वरच. कागदावर ठीक आहे, खारीचं डोकं केवढं असतं?

पेनी आता एकदाच भुंकते, माझ्याकडे बघते आणि आडवी होते. काल झाडाकडे गेलीच नाही. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती गेली तर या घरात ओर्बिनची वाट बघणारी मी एकटीच उरेन. पण तिला असं कुजवणंही पाप आहे. व्हर्जिलला तीस तारखेच्या रविवारी ये म्हणावं. मी तिचं पांघरूण धुऊन ठेवते.

देव तुम्हा दोघांना सुखात ठेवो.

व्हर्ली

हॅमिल्टन
२५ सप्टेंबर १९८४

ती. वहिनीस सा. न.

व्हर्जिलला निरोप दिला, रविवारी निघेल. पण त्याआधी एक बघा. दादाने लावलेलं चामडं कुठल्या बाजूला जाड आहे? उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो. चामडं जर वरून वळवून उजव्या अंगाला जाड केलं असेल, तर ते तुमच्या गालासाठी नाहीच. त्याच्यावर टेकून तुमचा डोळा उचलला जातो, म्हणून गोळ्या वर.

गेल्या शरदात आम्ही दोघं रानात होतो तेव्हा दादा डाव्या खांद्यावरून मारत होता. मी चिडवलं, या वयात डावखुरा झालास का? म्हणाला, उजवा खांदा धरलाय. मी ते खरं मानलं. वांडा म्हणते हे वहिनीला लिहू नकोस. पण मला काल झोप लागली नाही.

डेल्मर

लॉरेल ब्रँच
२८ सप्टेंबर १९८४

चि. डेल्मर यास आशीर्वाद.

चामडं उजव्या अंगालाच जाड आहे. तुला खांदा सांगितला, मला गाल सांगितला. अधू झालेला उजवा डोळा कुणालाच सांगितला नाही.

आता सगळं आपापल्या जागी बसतंय. चर्चमध्ये तो बाकाच्या उजव्या टोकाला बसायला लागला होता, म्हणजे सगळी माणसं डावीकडे येतील. उजवीकडून कॉफी ठेवली की दचकायचा. ढिला स्क्रूही त्याला दिसला नसणार. आणि ट्रॅक्टर उलटला तो उजव्या कडेवरून. तीस वर्षं नांगरलेलं शेत. लोक म्हणाले बेसावध होता. डेल्मर, तो जन्मात कधी बेसावध नव्हता. सांगितलं असतं तर मी किल्ली लपवली असती, हे त्याला माहीत होतं. म्हणून नाही सांगितलं.

माझा नेम लागायला हवा तर ते चामडं काढायला हवं. त्याच्या हातचं हे शेवटचं काम. दोनदा मी रायफल मांडीवर घेऊन बसले आणि ठेवून दिली. आज संध्याकाळी गरम पाण्याचं फडकं त्याच्यावर धरलं. सरस हळूहळू सुटला. खालचं लाकूड अजून नव्यासारखं आहे.

तू झोपत जा. तुझा काही दोष नाही. वांडाने लिहू नको म्हटलं ते मायेने, आणि तू लिहिलंस तेही मायेनेच.

तुझी वहिनी
व्हर्ली

ता. क. पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं. व्हर्जिल उद्या आला तर त्याला कॉफी पाजून परत पाठवीन. आज पहाटे पेनीला उठवून हिकरीखाली नेलं. ती भुंकेपर्यंत बराच वेळ गेला. मी एक गोळी उडवली. खार घरी आणून सोलली, पिठात घोळवून तळली आणि काळीज पेनीला दिलं.