एकाच वजनाचे दोघे

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मला धड काही विचारता आलं नाही, म्हणून हे पत्र. बाळांच्या रक्ताची कार्डं घेऊन रोज एक पिशवी तुमच्या प्रयोगशाळेकडे निघते, तीत हे टाकायला इथल्या नर्सबाई कशाबशा तयार झाल्या.

ठमी आज अकरा दिवसांची झाली. पाचव्या दिवशी तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कागदावर वाळवला होता. त्याचा निकाल तुमच्याकडूनच आला, की रक्तात एक पदार्थ नको तितका वाढलाय. डॉक्टर म्हणाले, हा एक जन्मजात आजार असू शकतो, तो खरंच असेल तर दुधातली प्रथिनं तिला पचणार नाहीत, अंगात विष साठेल, मेंदूपर्यंत जाईल. कालपासून आईचं दूध बंद आणि डब्यातली खास पावडर सुरू. ठमी मात्र मजेत आहे, लाथा झाडते, सगळ्यांना कामाला लावते. म्हणूनच जास्त भीती वाटते गं.

मी पडलो गॅरेजवाला. आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो, पण निदान इंजिन समोर तरी असतं! एका वाळलेल्या थेंबावरून तुमचं यंत्र एवढं कसं सांगतं? आणि ते कधी चुकतं का? मला बरं वाटावं म्हणून काहीबाही लिहू नकोस.

लोभ आहेच, या खेपेला जोडीला थोडा धीर पाठव.
तुझा धाकटा


दि. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काहीबाही लिहीत नाही. यंत्र करतं काय, तर वजन. कार्डातून टिकलीएवढा तुकडा कापायचा, त्यातलं रक्त द्रवात उतरवायचं, त्याच्या कणांना विजेचा भार द्यायचा आणि पोकळीतून सोडायचं. कोण किती जड, हे यंत्र दोन मिनिटांत सांगतं. एका थेंबातून चाळीसएक आजारांची चाहूल लागते. वीस वर्षं झाली, अजूनही पडद्यावर आलेखाची ती शिखरं उमटली की मी बघत राहते.

पण ते वजन बघतं, चेहरा बघत नाही. ठमीच्या रक्तात जे वाढलंय, नेमक्या त्याच वजनाचा दुसरा एक पदार्थ असतो. तो बाहेरून येतो, काही अँटिबायोटिक औषधांतून वगैरे, आणि बाळाला काही करत नाही. दोघांना वेगळं काढायचं तर बारीक, लांब नळीतून पळवावं लागतं. वजन तेच, पण एक आधी पोचतो, एक मागून.

घरच्या नमुन्याला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. ठमीचं कार्ड आमच्या प्रमुखांकडे, मोठ्या बाईंकडे आहे. या बाई म्हणजे अजब चीज! निवृत्तीला चार महिने उरलेत, तरी यंत्राचा पंप जरा कुरकुरला की स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली वाकतात. तुझं जमेल त्यांच्याशी. तुलनेसाठी दोन्ही पदार्थ शुद्ध लागतात, त्यातला एक त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागवलाय. त्यांचा निरोप असा, की बाळाची आई काय खाते, कोणती औषधं घेते, अंगाला काय लावते, ते सगळं लिहून पाठव. लाजू नकोस आणि स्वतःच्या अकलेने काही गाळू नकोस.

आशा धर, पण अजून नाचू नकोस.
सदैव तुझीच,
ताई


दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

यादी घे. अँटिबायोटिक एकही नाही, दोनदा विचारलं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम. भात, भाज्या, अंडी. चहा दोनदा लिही असं हिचं म्हणणं, मी खरं तेच लिहितो, चारदा. अंगाला साधा साबण, डोक्याला खोबरेल. आणि स्तनांना चिरा पडल्यात त्यावर तू पाठवलेलं मलम, पहिल्या दिवसापासून, दिवसातून चार-पाच वेळा. ही म्हणते, वन्संनी ते पाठवलं नसतं तर मी दुसऱ्याच दिवशी हात टेकले असते.

एक सांगायचं होतं. दूध आटू नये म्हणून डॉक्टरांनी दर तीन तासांनी काढायला सांगितलंय. ही काढते, आणि बेसिनमध्ये ओतते. मी ओततो म्हटलं तर भांडं हातात देत नाही. मला ते बघवत नाही, ताई.

वाट बघतोय.
धाकटा


दि. ११ मार्च

चि. धाकट्यास आणि चि. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांना मोठ्या बाईंचा फोन गेलाच असेल, तरी माझ्या हातचं वाचा. ठमीला आजार नाही. नळीतून जे बाहेर आलं ते त्या दुसऱ्याच्या वेळेला आलं, अगदी बरोबर त्याच वेळेला. आजाराचा पदार्थ कुठल्याही धडधाकट बाळात असावा तेवढाच.

आता पुढचं. तो दुसरा पदार्थ मलमातून आला, दूध पिताना ठमीच्या पोटात गेला. मी पाठवलेल्या मलमातून. इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलं, बाळंतिणीला चांगलं म्हणून. दिवसभर जगाच्या रक्तात काय आहे ते शोधणारी मी, त्या ट्यूबवर काय लिहिलंय ते बघितलंही नाही. तुझी यादी वाचली आणि मलमापाशी थांबले. मग तशीच दुकानात जाऊन दुसरी ट्यूब आणली, घटकांत त्या पदार्थाचं मूळ छापलेलंच होतं, आणि ती मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. पाठवणारी मीच, हेही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, की या कामात संशय आधी आपल्याच हातांवर घ्यायचा असतो, आणि तो तू घेतलास. मग मलमाबद्दल आईला विचारा, असं सगळ्या दवाखान्यांना कळवायला लगेच लिहायला बसल्या.

वहिनी, तुझं आठ दिवसांचं दूध माझ्यामुळे वाया गेलं. ते काही केल्या भरून येणार नाही. मला माफ कर.

ताई


दि. १३ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र यांनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि शेवटच्या ओळी मलाच वाचायला दिल्या, म्हणून उत्तर मी लिहितेय.

खोटं कशाला सांगू, राग आला. भयंकर आला. उरलेलं मलम केराच्या बादलीत फेकलं आणि तुम्हाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. मग मनात आलं, की मलम कुणी पाठवलं हे वन्संनी तिथे सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? तुम्ही ट्यूब नेऊन टेबलावर ठेवलीत. मला जमलं असतं की नाही, कोण जाणे. माझ्या लेकीची आत्या अशी आहे याचा मला अभिमान वाटतो. मोठ्या बाईंना माझा वाकून नमस्कार सांगा.

काल दहा वाजता डॉक्टरांनी परवानगी दिली. ठमीने तोंडच फिरवलं. बाटलीची सवय लागलेली, अर्धा तास नुसती किंचाळत होती, आणि मीही रडत होते. आज सकाळी पुन्हा जवळ घेतलं, तर आधी जरा हुंगलं, मग जे धरलंय ते सोडायला तयार नाही. उजव्या हातावर ती आहे. हे सगळं पत्र डाव्या हाताने लिहिलंय, अक्षर गोड मानून घ्या.

लोभ आहे, तो राहू द्यावा.
आपली,
ठमीची आई