निघणार नाही म्हणजे काय

१२ सप्टेंबर, सकाळी
युफ्रासियाचा फोन. माझी थोरली, पुएब्लात असते. म्हणे, आई, तुझे डोळे गेलेत, मागच्या खेपेला घेवड्यात मिठाऐवजी साखर घातलीस, आता एकटी राहू नकोस. मी म्हटलं, मुद्दाम घातली, जावयाचं तोंड गोड व्हावं म्हणून.
शेवटी ठरलं. महिनाअखेर ती येणार. पावसाने अंगणातल्या सगळ्या कुंड्या शेवाळल्यात. त्या मी एकटीने घासून लाल केल्या तर मी इथंच राहायचं. नाहीतर बोचकं बांधून तिच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथं अंगण नाही.
दोन दिवसांचं काम.
(मोठ्या मार्करनेच लिहिते. बारीक अक्षर कंजूष माणसांचं.)

१३ सप्टेंबर
भिंतीकडच्या सगळ्या कुंड्या झाल्या. लालभडक. उरली फक्त दारातली मोठी. नवऱ्याने आणलेली. ती उद्या.

१६ सप्टेंबर
गावात स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, बँड, फटाके. मी दारातली कुंडी घासते आहे. काथ्याच्या ब्रशने काही होईना. हात लावला तर नुसती गुळगुळीत. शेवाळ फार मुरलंय. ब्रशच वाईट. हल्ली चांगले ब्रश करतच नाहीत.

१९ सप्टेंबर
व्हिनेगर. मग चुना. काही नाही. शेजारच्या दोमितिलाने भिंतीपलीकडून विचारलं, काय गं किसतेस एवढं? शेवाळ, म्हटलं. नक्की शेवाळच का, म्हणाली. सत्तर वर्षं अंगण झाडलं, मला शेवाळ कळत नाही? तर म्हणे, येऊन बघू का. नको म्हटलं. येईल आणि त्या कुंडीतल्या जिरॅनियमची फांदी मोडून नेईल. मग तिथूनच म्हणाली, क्लोरीन ओत.

२३ सप्टेंबर
क्लोरीन ओतलं. जिरॅनियम मेलं. तसंही म्हातारं झालं होतं.
शेवाळ आहे तिथंच आहे.

२४ सप्टेंबर
तारेचा ब्रश आणला. दिवसभर घासलं. जेवले नाही, वेळ नव्हता. दुपारनंतर कडेला लाल दिसायला लागलं. खालची माती निघाली. बोटं जरा चुरचुरतात. युफ्रासियाला म्हणावं, आता बघ.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी
आजही सकाळपासून घासत होते. युफ्रासिया आली. बॅग ठेवायच्या आधी तिला दारातल्या कुंडीपाशी उभं केलं. तिने माझे दोन्ही हात धरून नळाखाली नेले. फार झोंबलं. ओल्या फडक्याने कुंडी पुसली. लाल सगळं फडक्यात आलं.
म्हणाली, "आई, हे रक्त आहे. तुझ्या बोटांचं."
आणि म्हणाली, "ही अत्सोम्पा गावची कुंडी. शेवाळ नाही, झिलई आहे ती. बाबांनी आणली तेव्हापासून हिरवीच आहे."
मी म्हटलं, माहीत आहे. झिलईसुद्धा घासावी लागते.
मग ती भिंतीकडे गेली. एक कुंडी नखाने खरवडली आणि ओलसर काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. मला म्हणाली, "या कुंड्या कधी घासणार होतीस?"

२९ सप्टेंबर
दुपारची बस आहे. दोमितिला निरोपाला आली, रडली. तिला सांगितलं, रडायला काय झालं. युफ्रासियाला एकटीने प्रवासाची भीती वाटते. सोबत म्हणून जाते आहे.