कार्ड होतं, खंड नव्हते

१४ जून

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, माझा गुडघा सोडून. तो त्याच्या मर्जीने वागतो. तुझे यजमान आणि लेक ठीक असतील असं धरून चालते, कारण पत्र टाकायला तू पहिल्यापासून आळशी, आणि तुमच्या ग्रंथालयाचा फोन चार दिवस बंद आहे.

आपल्या ग्रंथालय संघाचं म्हणशील तर यंदा धडाका चाललाय. बाई आहे, चहापाण्याचं बघेल म्हणून मला चिटणीस केलं होतं. आता विभागातली अकराच्या अकरा ग्रंथालयं माझ्या नावाने बोटं मोडतात. पुस्तकं लावणाऱ्यांसाठी दोन शिबिरं झाली. फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची कार्यशाळा झाली. तिच्यात आमच्या खजिनदारांनी स्वतःची बाहीच पुठ्ठ्याला चिकटवून घेतली आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत कोणाला कळू दिलं नाही.

आणि निर्लेखनाची योजना. अध्यक्ष प्रत्येक सभेत तिचा नियम घोकून दाखवतात: जागा नसेल तर जुनं पुस्तक रद्द करा, पण विभागात कुठेतरी त्याची एक प्रत राहिलीच पाहिजे. कुठे काय आहे ती यादी मी केली, अकरा ठिकाणची कार्डं चाळून. सात हजार नोंदी, चिमे. डोळ्यांचं पार भजं झालं.

काल तुझे कंपोझिटरकाका तुझी चिठ्ठी घेऊन आले होते. तुमच्या गावच्या साप्ताहिकाचे एकतीस वर्षांचे खंड तुमच्याकडून रद्द होणार, तेव्हा काकांना ते आमच्या ग्रंथालयात बसून वाचू देत, असं तू लिहिलंयस. बरं केलंस. सगळी पानं आपल्या हातांनी जुळवलीत म्हणून सांगत होते. मी त्यांना म्हटलं, आमचे खंड बांधणीला गेलेत, महिन्याभराने या. थोडे हिरमुसले, पण चहा घेऊन गेले.

जाता जाता विचारते. तुमचे खंड रद्दीचा लगदा करायला नेणाऱ्या ट्रकमधून गेले का गं? नसतील तर थांबव. विशेष काही नाही, यादीतल्या एक-दोन नोंदी पुन्हा तपासायच्या आहेत. टपालाला तीन दिवस लागतात म्हणून हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय. त्याच्याच हाती उत्तर दे. एक ओळ चालेल.

तुझी,
ताई

५ सप्टेंबर

प्रिय चिमे,

आशीर्वाद. हे माझं चौथं पत्र. तू उत्तर देत नाहीस, फोन केला की तुझे यजमान घेतात आणि तू आंघोळीला गेलीयस म्हणतात. दिवसातून किती वेळा आंघोळ करतेस?

माझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच ट्रक गेला होता, त्याला कोण काय करणार. पण विभागात दुसरी प्रत निघाली नाही म्हणून तुमच्या समितीने तुला लगेच कामावरून दूर ठेवावं हे मलाही पटलेलं नाही. अठरा वर्षं तू ते ग्रंथालय पोरासारखं सांभाळलंस. समितीने संघाचं मत मागवलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, सख्खी बहीण आहे, चिटणीसबाईंनी यात पडू नये. मीच हट्ट धरला. म्हटलं, मी काही बोलणार नाही, फक्त लिहून घेईन. मी खोलीत असले तर तुला धीर येईल असं वाटलं. खरंच तसंच वाटलं होतं.

चौकशीच्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, "रद्द करण्यापूर्वी दुसरी प्रत आहे याची खात्री तुम्ही कोणाकडून करून घेतली होती का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग म्हणालीस, "नाही. यादीवर विसंबले."

मी ते लिहून घेतलं.

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? समोर दोघे ज्येष्ठ बसलेले, सरकारी मदतीचं ठरायचंय, योजनेचं कौतुक वरपर्यंत गेलंय. आणि यादीच्या पहिल्याच पानावर ठळक छापलंय की प्रत प्रत्यक्ष पाहून घ्यावी. तूही जरा ठामपणे बोलायचं होतंस. लहानपणापासून तुझं हेच, ऐन वेळी मान खाली.

सोबत माफीचा अर्ज टाइप करून पाठवतेय. घाईत चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढंच आहे. तू फक्त सही कर, समज देऊन प्रकरण मिटवायचं मी बघते. आईला काही कळवलेलं नाही. चिमी का येत नाही म्हणून रोज विचारते, तर म्हटलं, कामात आहे. तूही काही बोलू नकोस.

सही तेवढी लवकर कर.

ताई

२३ नोव्हेंबर

चिमे,

अर्ज परत आला. सही नाही, सोबत एक शब्द नाही, नुसती घडी बदललेली. तू तो उघडून वाचलास आणि पुन्हा मिटलास, एवढंच त्यातून कळलं. आठवडाभर तो माझ्या टेबलावर पडून होता. त्यावर चहाचा कप ठेवला, फाइल ठेवली, तरी तो दिसायचाच.

तर आता जे तुला माहीत आहे तेच लिहिते, कारण मी ते अजून कुठेच लिहिलेलं नाही.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी तू फोन केलास. म्हणालीस, "ताई, कार्डाचं सांगू नकोस. तळघरात जाऊन खंड डोळ्यांनी पाहिलेस का?" मी म्हटलं, "पाहिले गं, हात लावून आले."

मी तळघरात पाऊल टाकलं नव्हतं. गुडघा दुखत होता, कार्यशाळेसाठी तीस खुर्च्या लावायच्या होत्या, हे सगळं खरं. पण कारण ते नव्हे. सात हजार नोंदी मी केल्या आणि माझी धाकटी बहीण मला विचारते, पाहिलंस का? मला राग आला. एवढ्याशा रागापायी मी खोटं बोलले.

कंपोझिटरकाका आले त्या दिवशी मी खाली गेले. कपाट रिकामं. तेव्हा आठवलं, नऊ वर्षांपूर्वी नळ फुटून ते खंड भिजले होते. ते फेकायच्या कागदावर सही माझीच. कार्ड काढायचं तेवढं राहिलं. कार्ड होतं म्हणून यादीत नोंद झाली, नोंद होती म्हणून तू विचारलंस, आणि मी हो म्हटलं. पत्रात मात्र तुला लिहिलं, विशेष काही नाही.

चौकशीच्या खोलीत तू माझ्याकडे पाहिलंस ते कशासाठी, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तू मला वाचवत नव्हतीस. तू मला संधी देत होतीस. आणि मी खाली मान घालून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही'. तुला म्हणते ऐन वेळी मान खाली! लाज वाटते, चिमे. झोपून उठले तरी जात नाही.

काल वार्षिक सभा होती. अहवालात मीच लिहिलं होतं, एक अपवाद वगळता योजना यशस्वी. तो अपवाद म्हणजे तू. पुढच्या वर्षी अध्यक्षपदासाठी माझं एकटीचंच नाव होतं. शुक्रवारी सकाळी मी हे सगळं दोन पानांवर लिहिलं आणि बसने तुमच्या समितीच्या अध्यक्षांकडे, डॉक्टरांकडे गेले. तुझ्या घरावरूनच गेले, पण उतरले नाही. धीर झाला नाही.

डॉक्टरांनी दोन्ही पानं दोनदा वाचली. त्यांनी एकच विचारलं, "बहिणीने चौकशीत फोनबद्दल का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "तिला वाटलं, मी सांगेन."

त्यांनी पानांची घडी करून ती माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाले की हे उद्या सभेत तुम्ही वाचलं नाहीत तर मला वाचावं लागेल. मी वाचलं. साठेक माणसं होती. खजिनदार तेवढे रडले, बाकी सगळे जमिनीकडे पाहत होते. चिटणीसपदाचा राजीनामा घेतला, माझ्या नोकरीचं आमची समिती ठरवेल. व्हायचं ते होवो.

कंपोझिटरकाकांकडे आज सकाळी जाऊन आले. पाच महिने त्यांना बांधणीचं सांगून परत पाठवत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मला सांगायचं होतं ना, बाई. मी येणं बंद केलं असतं." मग कोणत्या वर्षी पहिल्या पानावर काय होतं ते आठवून सांगू लागले. मी चार पानं उतरवून घेतली. त्याने खंड परत येत नाहीत, हे मला कळतं.

डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी दिलेला कागद सोबत आहे. तुझ्यावर कसलाही ठपका नाही. सोमवारी सकाळी रुजू व्हायचंय. माझ्यावरच्या रागापायी जायचं टाळू नकोस, एवढंच सांगते. तेवढा ताईपणा अजून उरलाय.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मी पुन्हा एकदा तुझ्या जिवावर सुटेन.

तू पाहत होतीस तेव्हा न बोललेली,
ताई