सायकलवाटेवरचे धान

सौंदड, ७ डिसेंबर २००८

चि. लोकेंद्र यास अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम म्हणावे, तर मध्येच खोकला येतो. ट्रक फार वाढलेत. पूरक, कुंभक, रेचक असा प्राणायाम मी शाळेत शिकवतो; आमच्या रस्त्यावर नुसता कुंभक. आपल्या ओमेश्वरीचा दमा पुन्हा उसळला. डॉक्टर म्हणतात, सायकल तिच्या छातीला चांगलीच, पण ही धूळ अन् धूर नको. शाळेचा रस्ता तर हाच. तुझी वहिनी दुलारीबाई म्हणते, पोरीले मारून टाकता का, काऊन पाठवून राहिले तिले? तिनेच सायकलला कुलूप घातले, किल्ली पदराला. नववीतली पोर घरी बसली आहे.

जिल्ह्याच्या रस्त्यांचा आराखडा तुझ्या टेबलावर. त्यात चाकांचा विचार असेलच. फुप्फुसांचा आहे का, तेवढे कळव.

लोभात खंड पडू देऊ नकोस.
तुझा दादा, योगराज

गोंदिया, १८ जानेवारी २००९

ती. दादांस शि. सा. न.

वि. वि. रुंदीकरणात कडेची मोहाची झाडे तोडायची ठरली होती. मी बैठकीत म्हटले, झाडे ठेवू, त्यांच्या पलीकडून पोरांना सायकलवाट काढू. निदान काही धूळ तरी पानांवर अडेल. साहेब म्हणाले, लोकेंद्रजी, आप डॉक्टर कब से हो गए? सगळे हसले. आरोग्य खात्याच्या बाई मात्र हसल्या नाहीत. खोकणारी पोरे त्यांच्याच दारी येतात. त्यांनी उचलून धरले अन् वाट मंजूर झाली. वहिनींना म्हणावे, किल्ली हरवू नका. तोवर पोरीला बसने पाठवा. बस वेळेवर येते, असा माझा दावा नाही.

आशीर्वाद असू द्यावा.
लोकेंद्र

सौंदड, १४ नोव्हेंबर २०१०

चि. लोकेंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझी वाट सुरेख झाली. पावसाळाभर ओमेश्वरी तिच्यावरून गेली, दमा जवळजवळ विसरली. मग धानकटाई आली. एवढी सपाट, स्वच्छ जागा पाहून गावाने तिच्यावर धान वाळत घातले. पोरी पुन्हा ट्रकांच्या गर्दीत. गेल्या आठवड्यात एका ट्रकने हूल दिली, ओमेश्वरी धुळीत पडली. खरचटण्यावर निभावले, पण श्वास असा कोंडला की ओठ निळे पडले. दवाखान्यात नेले. आता बरी आहे.

वाटेवर पहिले धान कोणाचे होते, विचारू नकोस. विचारच. तुझ्या वहिनीचे. दवाखान्यातून परतताच तिने आपले धान गोळा केले, मग शेजारीच धान घातलेल्या बकारामपुढे खराटा घेऊन उभी राहिली. तो म्हणाला, वहिनी, तुमचं पाहूनच टाकलं ना जी. ती म्हणाली, आता माह्यं पाहूनच उचल.

वाट मोकळी झाली. आपले धान अंगणात आहे, मी घरात उड्या मारत शिरतो. पण पुढच्या हंगामाचे काय? आराखड्यात तू रस्ता घेतलास, झाडे घेतलीस, पोरींची छाती घेतलीस. धान वाळवायला जागा तेवढी घेतली नाहीस. तिच्यासाठी पुन्हा स्वतःचे हसे करून घे, पण बैठकीत मांड.

ओमेश्वरी आता सायकलनेच जाते. किल्ली तुझ्या वहिनीनेच काढून दिली. संध्याकाळी सायकलची घंटी वाजेस्तोवर ती दारातून हलत नाही. मी शेजारी पुस्तक उघडून बसतो. पान उलटत नाही.

लोभ आहेच, तो असाच ओला ठेव.
योगराज