सातावर आठ

सोमवार, ३
आलो एकदाचा! खोली पाहूनच जीव सुखावला. मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर पितळी भिंग. ज्यांनी ही नाणी जमवली ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या धाकट्या बहिणीने मला कामावर ठेवलंय. एकोणीस डबे तांब्याची नाणी, वर्षाच्या आकड्यांवरून वेगळी करायची. आठ लहान की मोठा, तीनचं शेपूट आखूड की लांब. कधी टांकसाळीत मागच्या वर्षाच्याच ठशावर, सातावर आठ ठोकत; खालचा सात भिंगातून डोकावतो. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला खेळणं मिळालं! बायकोच्या माघारी पहिल्यांदाच एवढा हसलो.

गुरुवार, ६
घरात आम्ही दोघंच, त्या बहीणबाई आणि मी. बाई दाराशी चहा ठेवून निघून जातात, बोलणं नाही. दिवसभरात आवाज काय तो नाण्यावर नाणं टेकल्याचा. प्रत्येक नाणं पाकिटात घालून वर वर्ष लिहायचं; एकशे बारा पाकिटं लिहून झाली.

सोमवार, १०
सकाळी पाहतो तर दहा-बारा पाकिटांवर माझं अक्षर खोडून दुरुस्ती. तिरकं अक्षर, जांभळी शाई, डब्यांवरच्या त्या गृहस्थांच्या जुन्या चिठ्ठ्यांसारखी. भिंगाखाली पुन्हा तपासलं. एकूण एक दुरुस्ती बरोबर! बाई म्हणाल्या, मला त्या आकड्यांतलं ओ की ठो कळत नाही. राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझं काम कुणीतरी वाचतंय. अडलेली तीन नाणी मुद्दाम टेबलावर ठेवून उठलो.

शुक्रवार, १४
तिन्हींची उत्तरं मिळाली. आता रोज ठेवतो. आज जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारल्या. हसेना का कुणी.

मंगळवार, १८
माझ्या पेनात निळी शाई आहे. पाकिटावर जांभळी उतरते. अक्षरही तिरकं, माझ्या डोळ्यांदेखत. बाई आज चहा घेऊन आत आल्या, समोर बसल्या. विचारलं, दादा, साखर कमी झाली का?

गुरुवार, २०
लेकीला फोन. कोण बोलतंय, म्हणाली. अगं, बाबा, म्हटलं. मग म्हणाली, काका, चेष्टा नको, बाबांना द्या ना फोन — पिशवी भरली. उद्या सकाळीच

शुक्रवार, २१
जिन्यापर्यंतच पोचलो. बाईंनी पिशवी काढून घेतली. रडल्या. दोन वर्षांनी आलास, आता कुठे चाललास — आणि मी पिशवी सोडली. का सोडली? डाव्या हाताने लिहितोय. मी तर उजव्या —

शनिवार, २२
लेक आली! धावत खाली गेलो. बाई तिला सांगत होत्या, ते तर मागच्याच आठवड्यात काम सोडून गेले. मी तिचा हात धरला. तिने हळूच सोडवून घेतला. म्हणाली, माफ करा, माझे बाबा इथे होते, जाताना काही बोलले का? ही वही दाखवावी म्हणून वर धावलो.

अजून फाटकाशी उभी आहे. डोळे पुसतेय. ही वही खिडकीतून टाकतो. वर तिचं नाव घालतो, म्हणजे उचलेल. नाव — हिने आणि मी मिळून ठेवलेलं — दोनच अक्षरं, पहिलं